आमच्याकडं महालक्ष्म्या बसत नाहीत!

भाद्रपद आला की गल्लीत तोच प्रश्न, "काय गं, महालक्ष्म्या बसल्या का?" नाही बसत! आम्ही महानुभाव पंथाचे. पंथाचे संस्थापक चक्रधर स्वामी 13व्या शतकात याच पैठणात राहिले, एकाच परमेश्वराची भक्ती सांगून गेले. अजून किती वेळा सांगू?

लहानपणी शेजारून नैवेद्याची पुरणपोळी यायची, कडेनं तूप ओघळत असायचं. आई हात जोडून ताट परत करायची, मी बघत राहायचे. दुखायचं, खोटं कशाला बोलू!

आता सासरी म्हणतात, "मुखवट्यांना नुसतं हळदीकुंकू लाव, काय बिघडतं?" माझं बिघडतं! माहेरी गेलं की, "दिवाळीला दारात आकाशकंदील कशाला लावला?" लेकराला उजेड आवडतो म्हणून! दंडवत कुणाला घालायचा, एवढं तरी मला ठरवू द्या ना!