हातानं लिहिलेलं पान

आज एका कार्यक्रमात वक्त्यानं माइक सरसावून सांगितलं, "खपतं ते साहित्य नव्हे, तो माल." टाळ्या पडल्या. मी उठून जायला हवं होतं. पण चहा यायचा होता, बसून राहिलो. त्याचाच राग जास्त आलाय.

आमच्या गावच्या वाचनालयात 'मृत्युंजय'ची, म्हणजे अशाच भरपूर खपलेल्या कादंबरीची, एकच प्रत होती. खाकी बाइंडिंग, कोपऱ्यांना हळदीचे डाग. नळाला पहाटे तीनला पाणी यायचं. घागरी भरेपर्यंत आई तेवढ्या वेळात वाचायची. मधलं एक पान फाटलेलं. त्या जागी कुणीतरी शाईनं, मागून-पुढून लिहून काढलेलं पान डिंकानं चिकटवलं होतं.

कुठल्या जाहिरातीनं लिहून घेतलं ते? सांगा ना!

1967 सालची कादंबरी. शिवाजी सावंत तेव्हा कोल्हापुरात शाळामास्तर. आणि कर्णाची गोष्ट तर शेंबड्या पोरालाही पाठ. शेवट माहीत असलेलं पुस्तक लोक नंबर लावून का वाचतात? कारण तिथे कर्ण स्वतः 'मी' म्हणून बोलतो. मग कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण, सगळे आपापल्या तोंडानं. भर सभेत त्याचं कुळ काढलं जातं, तिथे फीमाफीचा अर्ज घेऊन हेडमास्तरांपुढे उभा राहिलेला प्रत्येक जण थबकतो. आई थबकली होती. तिची शाळा सातवीतच का सुटली, ते तिनं मला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. माल म्हणे.

हो, भाषा फार नटवलेली आहे, मीही आता चार उपमा ओलांडूनच पुढे जातो. आणि हल्ली काही पुस्तकं नुसत्या रील्सवर पळतात, तेही खरं. पण हजार प्रतींची आवृत्ती वर्षानुवर्षं गोडाऊनमध्ये पडून राहिली म्हणून कुणी आपोआप थोर होत नाही, हे कोण बोलणार?

जाऊ दे. त्या वक्त्याचंही एखादं पुस्तक पडून असेल. ते दुखतं, माहितीये मला.

मघाशी आईला फोन केला. म्हटलं, ते पान लिहिणारा माणूस कोण असेल गं?

"माणूस कुठला? मागच्या आळीतली सून. पोरानं पान फाडलं, पुस्तकाची किंमत भरावी लागेल म्हणून तुकडे जुळवत रात्रभर लिहीत बसली. तू कधी विचारलंस?"

असो. पोस्ट खोडत नाहीये.