पियानोवर कोण होतं?

सकाळपासून एकच रील चौथ्यांदा आलंय माझ्याकडे. बारा-तेरा वर्षांचा मुलगा, हातात क्लॅरिनेट, जर्मन संगीतकार ब्राम्सचा एफ मायनर सोनाटा, म्हणजे क्लॅरिनेट आणि पियानो अशा दोघांसाठी लिहिलेली रचना. पोरगं अफाट वाजवतंय, त्याबद्दल वादच नाही. पण ज्यानं कुणी हे रील केलंय त्यानं सुरुवातच कापून टाकलीय! हा सोनाटा पियानोनं सुरू होतो. पहिले चार बार, म्हणजे तालाची चार छोटी आवर्तनं, क्लॅरिनेट गप्प असतं, पियानो एकटाच बोलतो, आणि मग पाचव्या बारला क्लॅरिनेट आत शिरतं. रीलमध्ये थेट पाचवा बार. पियानो वाजवणाऱ्या बाईंचा फक्त उजवा हात दिसतो, तोही अर्धा. नाव कुठेच नाही. खाली बदामांचा पाऊस आणि "गॉड गिफ्टेड".

तो अर्धा हात बघून मला 2008 आठवलं. पुण्यात एका स्पर्धेत मी अशाच एका क्लॅरिनेटवाल्या पोराबरोबर पियानो वाजवला होता. तो अकराचा, मी चोवीसची. ह्याच सोनाटाचा दुसरा, संथ भाग. एसीनं हॉल गारठलेला. गार क्लॅरिनेटचा सूर उतरतो आणि पियानोला काही आपला सूर हलवता येत नाही, म्हणून ते पोरगं विंगेत उभं राहून वाद्यात नुसती ऊन फुंकर मारत होतं. स्टेजवर मधेच त्याचे दोन बार सुटले. क्लॅरिनेटच्या कागदावर फक्त क्लॅरिनेटची ओळ असते. पियानोच्या कागदावर मात्र दोघांचंही लिहिलेलं असतं. मीही तेवढे बार सोडून उडी मारली, पुढच्या ठोक्याला त्याला गाठलं. त्याला पहिलं बक्षीस मिळालं. मला आयोजकांपैकी एकानं विचारलं, "तुम्ही आई का त्याची?"

ब्राम्सनं तर 1890 च्या सुमारास संगीत लिहिणं थांबवायचंच ठरवलं होतं. 1891 मध्ये जर्मनीतल्या मायनिंगेनला रिचर्ड म्यूलफेल्टचं क्लॅरिनेट ऐकलं आणि म्हातारा पुन्हा लिहिता झाला. 1894 च्या उन्हाळ्यात हा आणि त्याचा जोडीदार असे दोन क्लॅरिनेट सोनाटे आले. म्यूलफेल्टबरोबर पियानोवर कोण बसलं? खुद्द ब्राम्स! 1963 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलला फ्रेंच संगीतकार पूलांकचा क्लॅरिनेट सोनाटा पहिल्यांदा वाजला, तेव्हा क्लॅरिनेटवर बेनी गुडमन आणि त्याच्याबरोबर पियानोवर लेनर्ड बर्नस्टाइनसारखा नामवंत संगीतकार होता. कापा बरं त्याचे बार. दाखवा त्याचा अर्धा हात.

आणि "साथीला पियानो" असं म्हणून हात झटकणाऱ्यांनी तर बोलूच नये. साथ म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायचं? गोविंदराव पटवर्धनांची पेटी ऐकायला माणसं जायची. कुमार गंधर्वांच्या मागे वसंतराव आचरेकरांचा तबला नसता तर ती मैफल तशी रंगली असती का? आपल्या घराघरांत ही नावं आदरानं घेतली जातात, आणि पियानोवरच्या बाईंचं नाव विचारावंसंही कुणाला वाटत नाही.

बरं, लहान मुलाचं कौतुक आधी होणारच. कबूल. त्या वयात इतका लांब श्वास, सूर इतका हलका सोडणं, हे मीही पुन्हा पुन्हा ऐकलं.

त्या स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी माझा तो अकरा वर्षांचा गडी दप्तर घेऊन दारात उभा. "ताई, काल मी चुकलो तेव्हा तुम्ही मला कसं शोधलंत?" हॉलमधल्या कुणालाच कळलं नव्हतं, त्याला कळलं होतं. मी माझा कागद त्याच्यासमोर ठेवला. तासभर बोट ठेवून तो माझ्या ओळी वाचत बसला. त्यानंतर आम्ही जेव्हा जेव्हा वाजवलं, तेव्हा श्वास घेण्याआधी तो माझ्याकडे बघायचा. त्या मुलाला मी काही शिकवलं असेल तर एवढंच.

हे लिहिता लिहिता ते रील परत लावलं. आता रागानं नाही, नीट बघितलं. शेवटच्या सुराआधी हा मुलगाही मान वळवतो. कॅमेऱ्याकडे नाही, जिथे तो अर्धा हात आहे तिकडे. त्याला माहितीय ती कोण आहे.

मी सकाळी दहालाच रीलखाली तिचं नाव विचारलंय. अजून उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणी ओळखत असेल तर इथे लिहा. आणि ते पहिले चार बार कुणाकडे असतील तर तेही पाठवा.