अणुबॉम्बने गॅस निघतो, पण चुलीपर्यंत येत नाही

नागपुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘अमेरिका आणि रशियाने साठच्या दशकातच जमिनीखाली छोटे अणुबॉम्ब फोडून नैसर्गिक वायू काढला. किरणोत्सर्ग खालीच गाडला गेला. पर्यावरणवाल्यांनी ओरड करून ते बंद पाडलं. भारताने १९७४ मध्ये हे तंत्र सिद्ध केलंय. विदर्भाच्या कोळशात गॅस भरलेला आहे, एक स्फोट केला की सीएनजी निम्म्या भावात.’ खाली तिरंगा आणि ‘पुढे पाठवा’.

यातलं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे, म्हणूनच बाकीचं खपतं.

अमेरिकेने ‘प्लाऊशेअर’ नावाच्या, अणुस्फोट नागरी कामांना वापरायच्या कार्यक्रमात गॅससाठी तीन प्रयोग केले. १० डिसेंबर १९६७ रोजी न्यू मेक्सिकोत ‘गॅसबगी’, २९ किलोटन. १० सप्टेंबर १९६९ रोजी कोलोरॅडोत ‘रुलिसन’, सुमारे ४० किलोटन, अडीच किलोमीटरहून खोल. १७ मे १९७३ रोजी कोलोरॅडोतच ‘रिओ ब्लँको’, एकाच विहिरीत एकावर एक ठेवलेले ३३ किलोटनचे तीन बॉम्ब. हिरोशिमाचा बॉम्ब साधारण १५ किलोटनचा होता. तेव्हा ‘छोटे’ हा शब्द मेसेज लिहिणाऱ्याने आपल्या मनाने घातलाय.

आता गॅसचं काय झालं? गॅसबगीत तो आजूबाजूच्या जुन्या विहिरींपेक्षा कितीतरी जास्त आला. रुलिसनमध्येही आला. आणि दोन्हीकडे तो चाचणीच्या काळात विहिरीच्या तोंडाशी जाळून टाकावा लागला. एकाही गिऱ्हाइकाला त्यातला घनफूटभर विकला गेला नाही.

‘किरणोत्सर्ग खालीच राहतो’ हा मुद्दा इथेच कोसळतो. जड किरणोत्सारी द्रव्यं बरीचशी वितळून काच झालेल्या खडकात अडकतात, हे बरोबर. पण ट्रिटियम अडकत नाही. तो हायड्रोजनचाच किरणोत्सारी भाऊ. मिथेनच्या रेणूत चार हायड्रोजन असतात, त्यातल्या एखाद्याची जागा हा घेतो आणि गॅससोबत वर येतो. रासायनिकदृष्ट्या तो मिथेनच राहतो, त्यामुळे साध्या शुद्धीकरणाने वेगळा निघत नाही. अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा काळ, १२ वर्षांहून थोडं जास्त. ट्रिटियम कमी करायचा म्हणून रुलिसनला विखंडनावर, म्हणजे जड अणू फुटण्यावर चालणारा बॉम्ब वापरला, तर विखंडनातून किरणोत्सारी क्रिप्टॉन-८५ येतो. तो निष्क्रिय वायू, कशाशीच संयोग न पावणारा, अर्धायुष्य पावणेअकरा वर्षं. म्हणजे एक टाळायला गेलं की दुसरा समोर उभा. असा गॅस स्वयंपाकघरात, बंद खिडक्यांच्या आत जाळायचा, हे तिथल्या लोकांना पटलं नाही. आपल्याला तरी काऊन पटावं?

रुलिसनच्या स्फोटबिंदूभोवतीच्या ४० एकरांत ६,००० फुटांखाली खणायला आजही मनाई आहे. आजूबाजूला मात्र शेकडो विहिरी चालू आहेत, साध्या. कारण त्याच खडकात पाण्याच्या दाबाने भेगा पाडायचं तंत्र यशस्वी झालं. ते १९४९ पासून व्यापारी वापरात होतंच, पुढे सुधारत गेलं. रिओ ब्लँकोच्या तीन बॉम्बांनी केलेल्या पोकळ्या तर अपेक्षा होती तशा एकमेकींना जोडल्याच गेल्या नाहीत.

पर्यावरणवाल्यांनी बंद पाडलं म्हणता? रुलिसनविरुद्ध ते कोर्टात गेले होते आणि हरले. स्फोट झाला, नंतर गॅस जाळायलाही कोर्टाने परवानगी दिली. कार्यक्रम संपला तो पैसा आणि न विकणारा माल यांमुळे. हो, १९७४ मध्ये कोलोरॅडोच्या मतदारांनी राज्यघटनेतच तरतूद केली की यापुढे असा स्फोट करायचा तर आधी आमचं मत घ्या. पण तोवर तीनही प्रयोग होऊन गेले होते.

रशियाचं उदाहरण जरा वेगळं आहे, आणि ते मलाही थक्क करतं. उझबेकिस्तानातल्या उर्ताबुलाकची गॅसविहीर १९६३ च्या अखेरीपासून जळत होती. १९६६ मध्ये तिच्याजवळ तिरकी विहीर खणून ३० किलोटनचा बॉम्ब फोडला आणि आग विझली. पण ते विहीर *बुजवणं* होतं, गॅस काढणं नव्हे. १९७२ मध्ये युक्रेनमध्ये हाच उपाय केला, तर विहीर बंद झालीच नाही. सोव्हिएत संघाने १९६५ ते १९८८ दरम्यान वेगवेगळ्या नागरी कामांसाठी शंभराहून अधिक अणुस्फोट केले, मग सोडून दिले.

१९७४ च्या पोखरणमध्ये गॅसचा एक बुडबुडाही काढला गेला नव्हता. ‘शांततामय’ हे सरकारी वर्णन होतं. त्या चाचणीमागचे प्रमुख शास्त्रज्ञ राजा रामण्णा यांनी १९९७ मध्ये तो बॉम्बच होता असं उघड मान्य केलं. कॅनडाने सहकार्य थांबवलं, अणुपुरवठादार देशांचा गट उभा राहिला. २००८ मध्ये त्या गटाने दिलेली सवलत भारताच्या ‘चाचणी करणार नाही’ या स्वयंघोषणेशी बांधलेली आहे. अणुभट्ट्यांसाठी बाहेरचं युरेनियम त्या जोरावर येतं. उमरेडजवळ एक धमाका करून ते घालवायचं?

आणि विदर्भाचा कोळसा. कोलोरॅडोतला गॅस खोल, घट्ट वाळूच्या खडकात होता. कोळशातला मिथेन थराच्या पृष्ठभागाला चिकटलेला असतो. थरातलं पाणी उपसून दाब उतरवला की तो सुटतो. राणीगंज आणि शहडोलकडे तो असाच काढतात. आपले थर त्या मानाने उथळ आहेत. नेवाड्यातल्या अमेरिकी अणुचाचणी केंद्राच्या जुन्या ठोकताळ्याने ३० किलोटन कोंडून ठेवायला पावणेचारशे मीटर तरी खोली हवी. वर सावनेरच्या भूमिगत खाणी, कोराडीची राखेची तळी, पलीकडे तोतलाडोह, जिथून नागपूर पाणी पितं. आणि एका स्फोटाने भागत नाही. एखादं गॅसक्षेत्र उपसायला शेकडो लागतील, असा हिशेब प्लाऊशेअरवाल्यांनीच मांडला होता.

सीएनजी महाग आहे, ही तक्रार मात्र रास्त आहे. नागपुरात पंपावरचा गॅस वर्षानुवर्षं टँकरमधून आलेल्या एलएनजीचा (द्रवरूप नैसर्गिक वायूचा) होता, वाहतुकीचा खर्च त्यात आलाच. त्याचा इलाज पाइपलाइन. मेसेज पुढे पाठवण्याऐवजी नगरसेवकापासून खासदारापर्यंत ज्याला गाठता येईल त्याला विचारा, मुंबई-नागपूर गॅसवाहिनीचा फायदा पंपावरच्या भावात कधी दिसणार.