दोन आठवड्यांचं नामांकित विद्यापीठ

अमेरिकेत हायस्कूलची अकरावी जवळ आली, की उन्हाळ्याची सुट्टी आ वासून समोर उभी राहते. तळ्यावर पोहायला जाणं, आइस्क्रीमच्या दुकानात काम करून चार पैसे मिळवणं, नुसतं लोळणं, हे सगळं सामान्य मुलांसाठी. तुला करिअर आहे. तेव्हा तू एखाद्या नावाजलेल्या विद्यापीठाच्या ‘प्री-कॉलेज’ कार्यक्रमाला, म्हणजे हायस्कूलच्या मुलांसाठी तिथे भरणाऱ्या उन्हाळी वर्गाला, जा. आणि जायचंच तर नीट जा.

कार्यक्रम निवडताना अभ्यासक्रमाकडे बघू नकोस. आधी माहितीपत्रकावर वेलींनी झाकलेली विटांची भिंत आहे का ते बघ. मग हिरवळीवर लॅपटॉप उघडून बसलेली चार मुलं शोध. ती हसत असली पाहिजेत आणि स्क्रीनकडे एकानेही बघता कामा नये. दोन आठवड्यांसाठी पाच हजार डॉलरच्या वर मागत असतील, तर समज, योग्य दारात आलास.

फुकटच्या कार्यक्रमांपासून मात्र चार हात लांब राहा. १९८४ साली सुरू झालेली आणि आता एमआयटीत भरणारी ‘रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट’ घे. सहा आठवडे मुलांना खरंखुरं संशोधन करायला लावतात आणि वर शिकवण्याचे, राहण्या-जेवण्याचे पैसेही घेत नाहीत. ज्या घरात आजवर कोणी पदवीपर्यंत पोचलं नाही किंवा कमाई बेताची आहे, तिथल्या मुलांसाठी सरकारचा ‘अपवर्ड बाउंड’ १९६०च्या दशकापासून चालू आहे. तोही फुकट. अशा ठिकाणी तुझी निवड व्हावी लागते. केवढी जोखीम! पैसे भरून जायच्या ठिकाणी निवड होते ती वडिलांच्या क्रेडिट कार्डाची, आणि ते बिचारं सहसा नापास होत नाही.

तरी अर्ज मन लावून भर. मार्कांचा उतारा मागतील, शिक्षकांची शिफारस मागतील, छोटा निबंध मागतील. हे सगळं मागितल्याशिवाय ‘निवड झाली’ असं म्हणता येत नाही ना! पत्र आलं की लगेच पोस्ट टाक: ‘अमुक विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचं सांगताना नम्र वाटतंय.’ त्यात ‘उन्हाळी’ हा शब्द घालू नकोस, उगाच वाक्य लांबतं. कार्यक्रमाच्या ‘नेहमीचे प्रश्न’मध्ये तळाला बऱ्याचदा एक ओळ असते, की इथे आल्याने पुढे पदवीच्या प्रवेशात प्राधान्य मिळत नाही. तिकडे दुर्लक्ष कर. लिहिणाऱ्याला काय कळतंय! तो तर नुसता त्याच विद्यापीठात नोकरीला आहे.

सामान भरताना घरची चादर घे. सूचनापत्रात ‘ट्विन एक्सएल’ असं ठळक छापलेलं असतं, कारण वसतिगृहाची गादी ८० इंच लांब असते आणि घरची साधी सिंगल ७५. पण सूचना वाचणं हे हुशार मुलांचं लक्षण नव्हे. मग रात्री कूस बदलली की पायाकडचा एक कोपरा फट्कन सुटेल, तो खोचायला उठलास की डोक्याकडचा सुटेल, आणि रूममेट अंधारात विचारेल, ‘सगळं ठीक आहे ना?’ त्याच्याशी झालेली ही सगळ्यात मनमोकळी बातचीत असेल. एरवी तो तुझे ‘एसएटी’ या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेचे मार्क काढून घेण्याच्या खटपटीत असतो. तूही त्याचे काढ.

वर्गात पुस्तक वाचून जाण्याची गरज नाही. चर्चा सुरू झाली की कोणाच्या तरी बोलण्यावर मान डोलव आणि म्हण, ‘मला हाच मुद्दा जरा पुढे न्यायचाय.’ मग तोच मुद्दा जिथल्या तिथे ठेव. माहितीपत्रकातले जगप्रसिद्ध प्राध्यापक दिसले नाहीत तर हिरमुसू नकोस, तेही सुट्टीवर असतात. बहुतेकदा शिकवायला पीएचडी करणारी एखादी मुलगी येईल. हिच्यापासून सांभाळ. तू दोन पानं लिहून देशील, ती दुसऱ्या दिवशी परत करेल आणि तुझ्या सगळ्यात झोकदार वाक्याशेजारी समासात पेन्सिलीने दोनच शब्द असतील: ‘कशावरून?’ आणि ‘मग?’ अशा शेऱ्याने माणूस बिघडतो. रात्री वाचत बसतो, सकाळी तिच्या खोलीबाहेर रांगेत उभा राहतो, आणि स्वेटशर्ट घ्यायचा राहून जातो. वेळीच वर्ग बदलून घे. ‘लीडरशिप’मध्ये सहसा जागा असते.

स्वेटशर्ट मात्र पहिल्याच दिवशी घे. विद्यापीठाचं नाव छातीवर, लांबून वाचता येईल इतकं मोठं. ऑगस्टच्या उकाड्यातही तो अंगावर हवा.

परतल्यावर खरं काम सुरू होतं. ‘कॉमन ॲप’च्या, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच सामायिक अर्जात उपक्रमांसाठी दहा जागा असतात, आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. पाच हजार डॉलर भागिले १५०, म्हणजे अक्षरामागे साधारण ३३ डॉलर, आणि त्यात मोकळी जागाही मोजतात. तेव्हा शब्दांमध्ये उगाच अंतर सोडू नकोस. ६५० शब्दांच्या मुख्य निबंधात त्या दोन आठवड्यांनी आयुष्य कसं बदललं ते लिही. तसला निबंध त्यांनी याआधी कधी वाचलाच नसेल. आइस्क्रीमच्या दुकानात उन्हाळाभर गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन गल्ला जुळवणारी मुलगीही अर्ज करणार आहे म्हणे. तिच्याकडे लिहायला काय असणार!

मग वाट बघ. त्याच विद्यापीठाकडून ई-मेल येईल. आईला हाक मारण्याआधी विषयाची ओळ वाच, कारण बहुधा तो पुढच्या उन्हाळ्यासाठी लवकर नाव नोंदवणाऱ्यांना मिळणाऱ्या सवलतीचा असेल. वर नाव तुझ्या धाकट्या बहिणीचं. ते त्यांना कुणी कळवलं, हे आईलाच विचार.