दार लोटून घेतल्यानंतर

प्रतिस्पर्ध्यावर हल्ला झाला की तासाभरात निषेधाचे निवेदन येते आणि त्यातले शब्द वापरून इतके गुळगुळीत झालेले असतात की खालचे नाव बदलले तरी कुणाच्या लक्षात येऊ नये. मला कुतूहल असते ते त्या रात्री दार लोटून घेतल्यावर राजकारणातले नवरा-बायको एकमेकांशी काय बोलतात याचे.

15 मे 1972 रोजी अमेरिकेतील मेरीलँड राज्यातल्या लॉरेल येथे जॉर्ज वॉलेस यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यांचे कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. अलाबामा राज्याचे हे गव्हर्नर वर्णभेदाचे उघड पुरस्कर्ते होते आणि राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवण्याच्या शर्यतीत होते. रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन त्यानंतर बंद खोलीत काय बोलले हे आपल्याला ठाऊक आहे, कारण त्यांच्याच ध्वनिफितींनी ते टिपून ठेवले: हल्लेखोर हा मॅकगव्हर्न आणि केनेडी या डेमोक्रॅटिक नेत्यांचा माणूस असल्याची आवई उठवण्याची खलबते. पुढे तेच निक्सन वॉलेस यांना भेटायला रुग्णालयात गेले. मनात हिशेब आला याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही (तो कुणाच्याही मनात येईल). दोष आहे तो हिशेबाचे कारस्थान करण्यात.

त्याच उमेदवारीच्या शर्यतीत शर्ली चिझम होत्या, अमेरिकी काँग्रेसमधील पहिल्या कृष्णवर्णीय महिला. त्यांना धमक्या येत असत आणि सरकारी संरक्षण मिळेपर्यंत प्रचारात त्यांचे पती कॉनरॅड हेच अंगरक्षक म्हणून सोबत असत. त्यांच्या घरातले बोलणे कुठेही ध्वनिमुद्रित नाही. त्यामुळे कल्पनाच करायची: ज्याचे रोजचे काम गर्दीतले हात न्याहाळण्याचे, तो नवरा वॉलेस यांच्यावरील हल्ल्याची बातमी ऐकून "बरे झाले" म्हणाला असेल, असे मला वाटत नाही, "उद्यापासून तू गर्दीत उतरायचे नाहीस," एवढेच म्हणाला असेल.

शर्लीबाई मात्र वॉलेस यांच्या उशाशी जाऊन उभ्या राहिल्या. तुमचे लोक काय म्हणतील, असे वॉलेस यांनी विचारले, तेव्हा ते ठाऊक आहे, पण तुमच्यावर आलेली वेळ कुणावरही येऊ नये, असे त्या म्हणाल्या. वॉलेस रडले. शर्लीबाईंचे समर्थक खवळले.

त्या घरी परतल्यावर कॉनरॅड यांनी आधी काय विचारले असेल: "कसे आहेत ते?" की "बाहेर गर्दी होती का?"