बंद पडलेल्या कन्सोलची डिस्क काढू नका

सध्या गेमिंगच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय: प्लेस्टेशन बंद पडला तर घाबरू नका, आतली हार्ड डिस्क काढून कॉम्प्युटरला जोडा, रिकव्हरी सॉफ्टवेअर सेव्ह (म्हणजे गेममधली साठवलेली प्रगती) काढून देतं. नाहीतर तीच डिस्क दुसऱ्या प्लेस्टेशनमध्ये टाका. निन्टेंडो स्विचचा सेव्ह मेमरी कार्डवर असतो, जुन्या कार्ट्रिजचा (गेमच्या कॅसेटचा) सेल बदलला की सेव्ह परत येतो, आणि काहीच जमलं नाही तरी ऑनलाइन खात्यात सगळं असतंच.

मी कन्सोल दुरुस्त करतो. हा मेसेज वाचून एक कॉलेजचा मुलगा प्लेस्टेशन ४ घेऊन आला होता. लाइट लागत होता, पंखा फिरत होता, टीव्हीवर मात्र ‘नो सिग्नल’. त्याने वरचं चकचकीत झाकण सरकवलं, त्रिकोण-गोल-फुली-चौकोन कोरलेला तो एक स्क्रू काढला आणि डिस्क लॅपटॉपला लावली. विंडोजने विचारलं, फॉरमॅट करू? त्याने ‘हो’ दाबलं. मी पाहिलं तेव्हा बिघाड एवढाच निघाला की एचडीएमआय पोर्टच्या दोन पिना वाकल्या होत्या. पोर्ट बदलल्यावर चित्र आलं, पण लहान भावासोबत चार वर्षं बांधलेलं माइनक्राफ्टचं जग गेलं ते गेलंच. डिस्कला हात लावला नसता तर ते जसंच्या तसं मिळालं असतं.

आता मेसेजमधला पहिला दावा. प्लेस्टेशन ४ ची डिस्क म्हणजे साधी अडीच इंची साटा डिस्क, लॅपटॉपला सहज लागते. म्हणूनच लोक फसतात. तिच्यावरचा डेटा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली त्याच कन्सोलच्या मुख्य सर्किट बोर्डाशी बांधलेली असते. रिकव्हरी सॉफ्टवेअर फाइलींच्या ओळखीच्या खुणा शोधतं. इथे त्याला अर्थहीन आकड्यांचा ढीग दिसतो. रात्रभर स्कॅन चालवलात तरी सेव्ह हाती लागणार नाही. प्लेस्टेशन ५ मध्ये तर काढायला डिस्कच नाही, मूळ स्टोरेजच्या चिप्स बोर्डावरच बसवलेल्या आहेत.

दुसरा दावा, दुसऱ्या कन्सोलमध्ये डिस्क टाकण्याचा, तो तर जास्त घातक. किल्ली वेगळी असल्यामुळे नवा कन्सोल ती डिस्क वाचत नाही, सिस्टिम नव्याने टाकायला सांगतो, आणि तुम्ही पुढे गेलात की जुनं सगळं पुसलं जातं. याच कारणाने दुकानात ‘बोर्ड बदलून देतो’ म्हणाले तर आधी थांबा. डिस्क तीच राहिली तरी किल्ली जुन्या बोर्डासोबत जाते. गिऱ्हाइकाला हे आधी सांगायलाच हवं, आणि बरेच जण सांगत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो. पॉवर सप्लाय, पोर्ट, पंखा हे सगळं बदलता येतं आणि सेव्हला धक्का लागत नाही. बोर्ड आणि डिस्क ही जोडी तेवढी तोडायची नाही.

डिस्कच मरायला टेकली असेल, अडखळत असेल, टकटक आवाज करत असेल, तर तिची सेक्टरनिहाय हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर घेऊन ती त्याच कन्सोलमध्ये बसवायची. आतलं काही वाचावं लागत नाही, जसं आहे तसं उचलायचं असतं, म्हणून हे जमू शकतं. आणि प्लेस्टेशनच्या सेफ मोडमध्ये (दुरुस्तीच्या मेनूत) गेलात तर पर्यायांचे आकडे नीट बघा. पाचवा पर्याय डेटाबेस पुन्हा बांधतो, त्याने सेव्ह पुसले जात नाहीत. सहावा आणि सातवा सगळं साफ करतात.

हा सल्ला आला कुठून, तेही सांगतो. एकेकाळी तो खरा होता. प्लेस्टेशन २ चा सेव्ह ८ एमबीच्या मेमरी कार्डावर असायचा. मशीन मेलं तर कार्ड काढून मित्राच्या मशीनला लावायचं, खेळ पुढे चालू. एक्सबॉक्स ३६० ची हार्ड डिस्कसुद्धा दुसऱ्या ३६० ला लावता यायची. त्या काळातली सवय लोक आजच्या मशीनला लावतात.

स्विचबद्दलचा दावा सरळ चूक आहे. मायक्रोएसडी कार्डवर गेम, अपडेट, स्क्रीनशॉट असतात. सेव्ह कन्सोलच्या आतल्या स्टोरेजमध्येच राहतो. स्विच चार्ज होत नाही म्हणून कार्ड काढून ठेवलं आणि कन्सोल भंगारात दिला, असं करू नका. अनेकदा चार्जिंगची चिप (आयसी) किंवा टाइप-सी पोर्ट गेलेला असतो. तेवढं बदललं की सेव्ह जागेवर सापडतो.

कार्ट्रिजच्या बाबतीत गोष्ट नेमकी उलटी आहे. गेमबॉयच्या जुन्या पोकेमॉन कार्ट्रिजमध्ये सेव्ह ज्या मेमरीत असतो, ती बटण सेलवर जिवंत राहते. सेल संपला किंवा काढला की सेव्ह गेला. नवा सेल टाकून तो परत येत नाही, फक्त पुढचा सेव्ह टिकतो. म्हणून सेल अजून चालू असताना कार्ट्रिज रीडरने (कार्ट्रिज कॉम्प्युटरला जोडणाऱ्या यंत्राने) सेव्ह उतरवून घ्यायचा, मगच जुना सेल काढायचा.

राहिलं खातं. खात्यात विकत घेतलेले गेम आणि ट्रॉफी असतात. प्लेस्टेशनवर सेव्ह क्लाउडला (कंपनीच्या ऑनलाइन साठ्यात) जायला ‘प्लेस्टेशन प्लस’चं पैसे भरून घेतलेलं सदस्यत्व लागतं, स्विचलाही तसंच, आणि तिथे पैसे भरूनही स्प्लाटून २ किंवा पोकेमॉन सोर्ड-शील्डचा सेव्ह क्लाउडवर जात नाही. एक्सबॉक्स वन आणि त्यानंतरच्या मशीनवर मात्र हे फुकट आणि आपोआप होतं, तिथे मेसेज बरोबर आहे.

प्लेस्टेशन ४ चालू असेल तर आजच सेटिंग्जमधल्या सेव्ह डेटाच्या भागात जाऊन पेनड्राइव्हवर प्रत घ्या. ती प्रत कन्सोलशी नव्हे, तुमच्या खात्याशी बांधलेली असते, त्यामुळे दुसऱ्या प्लेस्टेशन ४ वरही चालते. आणि हा मेसेज तुमच्या ग्रुपवर आलाच तर त्याखाली एवढं लिहा: स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी एचडीएमआयची दुसरी वायर लावून बघा.