"आजी, जरा फ्रेममधून बाजूला व्हा"

लग्नात फोटोग्राफरने कुणाला बाजूला करावं याला काही मर्यादा आहे की नाही? आज एका लग्नात नवरीची आजी वॉकर टेकत टेकत नातीपर्यंत पोहोचली, थरथरत्या हाताने तिचा गाल चाचपू लागली, आणि तेवढ्यात मागून आवाज आला, "आजी, जरा फ्रेममधून बाजूला व्हा." आजी निमूटपणे झाली बाजूला. नवरीने हनुवटी पुन्हा सांगितल्याप्रमाणे वर केली. क्लिक. आणि हे सगळं 'कॅन्डिड', म्हणजे पोझ न देता सहज टिपलेल्या फोटोंच्या, पॅकेजमध्ये!

त्या माणसाकडे कॅमेरा चांगला होता, लेन्स चांगली होती, प्रकाशही समजत होता. समोर जे घडत होतं तेच त्याला अडचण वाटलं. लग्नाचे फोटो काढणाऱ्याच्या हातून याहून मोठी चूक होऊ शकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

डॉक्युमेंटरी पद्धतीचा नियम साधा आहे. जे घडतंय त्याला हात लावायचा नाही. कुणाला थांबवायचं नाही, मिठी पुन्हा मारायला लावायची नाही, "इकडे बघा" म्हणायचं नाही. जागा बदलायची ती फोटोग्राफरने, माणसांनी नाही. आज तो दोन पावलं डावीकडे सरकला असता तर आजी, नात आणि खिडकीचा उजेड तिन्ही एका चौकटीत आलं असतं. दोन पावलं!

जोडप्यांना ही पद्धत का भावते, ते मला पुरेपूर समजतं. नवरा-नवरीला स्वतःचं लग्न दिसतच नाही. ते मधोमध उभे असतात, सगळे त्यांच्याकडे बघत असतात, आणि त्यांच्या पाठीमागे निम्मं लग्न होऊन जातं. मागच्या रांगेत डोळे पुसणारा मित्र, दाराबाहेर एकटेच उभे असलेले बाबा, दमून खुर्चीत झोपलेलं पोर, हे त्यांना कळतं ते फोटो हातात आल्यावर. पोझ दिलेला फोटो बघून आपण कसे दिसत होतो ते कळतं. न सांगता काढलेल्या फोटोत काय काय झालं ते कळतं.

दुसरं कारण वेळेचं. पोझचं सत्र दोन-तीन तास सहज खातं, आणि ते तास पाहुण्यांच्या वाट्याचे असतात. डॉक्युमेंटरीत जोडप्याचे ठरवून काढायचे फोटो वीस-तीस मिनिटांत आटोपतात. उरलेला दिवस त्यांचा.

हे काही आजचं खूळ नाही. सप्टेंबर १९९६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या कंबरलँड बेटावर राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा जॉन एफ. केनेडी ज्युनिअर आणि कॅरोलिन बेसेट यांचं लग्न झालं. चॅपलमधून बाहेर पडताना त्याने तिचा हात उचलून ओठांना लावला, आणि फोटोग्राफर डेनिस रेजी यांनी तो क्षण टिपला. त्या लग्नातला जगाच्या लक्षात राहिलेला फोटो तोच.

आता कुणी म्हणेल, नुसतं बघत राहायचं तर त्यात कसब कसलं? कसब तिथेच आहे. पोझमध्ये चुकलं तर पुन्हा घेता येतं, इथे पुन्हा नाही. म्हणून सगळी तयारी आधी. दोन कॅमेरे अंगावर, एकावर ३५ मिमीची लेन्स, जवळून जास्त दृश्य घेणारी, दुसऱ्यावर ८५ मिमीची, लांबून चेहरा टिपणारी. लेन्स बदलत बसलात की क्षण गेला. दोन्ही कॅमेऱ्यांची आणि जोडीदार फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याची घड्याळं सकाळीच सेकंदापर्यंत जुळवलेली हवीत, नाहीतर संध्याकाळी फाइली एकत्र केल्यावर आधीचं नंतर आणि नंतरचं आधी होऊन बसतं. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल, एकाच वेळी दोन कार्डांवर लिहिली गेली पाहिजे, कारण कार्ड दगा देतं तेव्हा आधी सांगून देत नाही.

आजीचाच क्षण घ्या. हात थरथरतोय, म्हणजे शटर सेकंदाच्या १/२५० भागाहून जास्त वेळ उघडं नको. १/६० ला चेहरा स्थिर येईल, पण बोटं पुसट होतील, आणि त्या फोटोत बोटंच तर महत्त्वाची. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, ऑटोवर, वरची मर्यादा ६४००. फोटोत दाणे आले तरी चालतात, हललेला फोटो चालत नाही. आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र, उघडं टाकून पार्श्वभूमी धूसर करण्याचा मोह आवरायचा. पूर्ण फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर ३५ मिमीने दीड मीटरवरून एफ १.४ ला (एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं) जेमतेम १५ सेंटिमीटर खोलीच शार्प येते. नात शार्प आली तर आजी धूसर. एफ २.८ ला ती खोली दुप्पट होते, दोघी सापडतात. इतकं सगळं डोक्यात आधीच ठरलेलं असतं, म्हणून वेळ आली की फक्त बघायचं उरतं.

आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर या कामाला वरदान आहे, पण डोळे झाकून वापरलं तर फोटोभर काळे-पिवळे पट्टे येतात. बरेच एलईडी आणि ट्यूब विजेच्या दुप्पट वेगाने लुकलुकतात, ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा, ६० हर्ट्झवर १२०. शटर तेवढंच ठेवलं, म्हणजे १/१०० किंवा १/१२०, तर पट्टे बहुधा जातात. हालचाल असेल तर सरळ नेहमीच्या, आवाज करणाऱ्या मेकॅनिकल शटरवर यावं. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या एक चाचणी फोटो काढून मोठा करून बघायला दहा सेकंद लागतात. हे न करणाऱ्यांनी किती लग्नांचे फोटो नासवले असतील!

रंगीत दिव्यांचं तर विचारूच नका. स्टेजवर जांभळा किंवा लाल एलईडी थेट तोंडावर मारला की एक रंग कॅमेऱ्याच्या क्षमतेबाहेर जातो, त्वचेतला तपशील उडतो, आणि मग रॉ असूनही तो परत येत नाही. अशा वेळी फोटो कृष्णधवल करतात ती हौस म्हणून नाही, उरलेला चेहरा वाचवण्यासाठी. म्हणून सजावटवाल्याला आधीच सांगा, रंग मागच्या पडद्यावर टाका, माणसांवर साधा पांढरा प्रकाश ठेवा. व्हिडिओवाल्यांशीही आधी बोलून घ्या. त्यांच्या कॅमेऱ्यावरचा दिवा समोरून पेटला की चेहरे सपाट होतात आणि माणसं डोळे बारीक करून उभी राहतात.

बरं, एक मान्य करते. ग्रुप फोटो हवेतच. घरातल्या मोठ्यांना ते हवे असतात आणि त्यांचं बरोबर आहे. पण ते शिस्तीत उरका. आठ-दहा ग्रुप, प्रत्येकी तीन मिनिटं, अर्धा तास. नावांची यादी आधी करा, आणि सगळ्यांना ओळखणारा एक खणखणीत आवाजाचा नातेवाईक हाका मारायला उभा करा. म्हाताऱ्या माणसांचा ग्रुप सगळ्यात आधी, म्हणजे ती लवकर जाऊन बसतील. तीन रांगा असतील तर एफ ५.६ ते ८, आणि २४ मिमीऐवजी ५० मिमीची लेन्स लावून मागे सरका, नाहीतर कडेला उभ्या असलेल्यांचे चेहरे ताणले जातात.

आणि हेही खरं की डॉक्युमेंटरीच्या नावाखाली आळस खपवणारे पुष्कळ आहेत. वाकडी चौकट, अर्धी कापलेली डोकी, काळेकुट्ट चेहरे, आणि वर म्हणायचं "आम्ही नैसर्गिक काढतो". ते डॉक्युमेंटरी नाही. कुणाला हलवायचं नाही म्हणजे स्वतः जास्त हलावं लागतं. माईक हातात असलेल्याकडे सगळेच बघतात, तुम्ही ऐकणाऱ्याकडे बघायचं असतं. भाषणातल्या कोणत्या वाक्यावर आईचा चेहरा बदलेल याचा अंदाज घेऊन आधीच तिच्यासमोर जाऊन बसायचं असतं.

पण त्यासाठी आई कोण, आजी कोण, हे फोटोग्राफरला कुणी सांगितलं होतं का? लिहिता लिहिता राग थोडा त्याच्यावरून आपल्यावर येतोय. कदाचित त्या मुलाला ती नवरीची आजी आहे हेच माहीत नसेल. कपडे, सजावट, केस यांवर महिनोन्महिने बोलतो आपण, आणि फोटोग्राफरला फक्त पत्ता आणि वेळ पाठवतो. त्याला माणसं सांगा. कोण आजारपणातून उठून आलंय, कोणाला चालायला त्रास होतो, कोणते दोन भाऊ खूप वर्षांनी एका छताखाली येणार आहेत, ते सांगा. तयारीची खोली खिडकीची घ्या आणि सगळ्या बॅगा एकाच कोपऱ्यात ढकला. कार्यक्रमांच्या मध्ये पंधरा-पंधरा मिनिटं मोकळी सोडा. चांगले फोटो त्या मोकळ्या वेळातच घडतात.

नंतरच्या निवडीवरही लक्ष हवं. दहा तासांच्या कामात तीन-चार हजार फोटो निघणं सहज शक्य आहे, त्यातले सहा-सातशे तुमच्या हाती येतात. छाटताना मागे पाण्याची बाटली दिसली म्हणून आजीचा एकुलता एक फोटो उडवला जाऊ शकतो. आधीच सांगून ठेवा, पसारा चालेल, माणूस वगळू नका. आणि त्वचा गुळगुळीत करणारं एडिटिंग नको म्हणून लेखी घ्या. ऐंशी वर्षांच्या बाईच्या सुरकुत्या पुसायचा अधिकार कुणालाही नाही.

ज्यांच्या घरी लग्न ठरतंय त्यांनी बुकिंगच्या आधी एकच मागणी करा. निवडक तीस फोटो सगळ्यांचेच सुंदर असतात, ते बघू नका. अंधाऱ्या हॉलमध्ये झालेलं एक अख्खं लग्न, पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत, दाखवायला सांगा. त्यात किती जण कॅमेऱ्याकडे न बघता आपापल्या नादात आहेत ते मोजा. म्हातारी माणसं आणि लहान पोरं किती फोटोंत आहेत ते बघा. ग्रुप फोटोतली कडेची माणसं तपासा. आणि हे ज्याने काढलंय तोच तुमच्याकडे येणार आहे का, ते विचारा. यातल्या एकाही गोष्टीला टाळाटाळ झाली तर आगाऊ रक्कम देऊ नका.